टिनं उडाली तरी पेरणी राहिली पाहिजे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही घरावरच्या टिनांबद्दल बोलणार आहोत. बैठकीच्या कागदावर विषय वाचून तिघाचौघांनी येता येता टोकले, "भाऊ, कापसाच्या भावावर बोला ना, टिनावर काय भाषण करता?" आम्ही त्यांना एवढेच विचारले, मे महिन्याच्या अखेरीस तुमच्या घरात काय काय असते ते सांगा. सरकीची पाकिटे असतात, खताची पोती असतात, तुरीचे बियाणे डब्यात असते, वर्षाची ज्वारी कणगीत असते. भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस एखाद्याच्या खोलीत असतो. म्हणजे मागच्या हंगामाचा सगळा पैसा आणि पुढच्या हंगामाची सगळी आशा त्या पंधरा-वीस टिनांखाली असते. आणि नेमके त्याच दिवसांत, रोहिण्या लागल्या की, दुपारून आभाळ काळे होते आणि वारा सुटतो.

टिन उडाले म्हणजे काय होते? टिन पुन्हा घ्यावेच लागते, कारण मृग दारात असतो आणि घरात लेकरेबाळे असतात. पैसा कुठून येतो? खताच्या पैशातून. मग खत उधारीवर, किंवा अर्धे खत, किंवा खतच नाही. कागदावर लिहिले जाते की अमक्याच्या घराचे छप्पर गेले. खरे पाहिले तर त्याची पेरणी गेलेली असते. म्हणून हा विषय.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण आमचे नुकसान झाले ते तुमचे होऊ नये म्हणून सांगतो. आमचे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. आम्ही दोघे भाऊ, शेती सगळी कोरडवाहू. कपाशी, तूर आणि बैलांच्या कडब्यापुरती ज्वारी. घर विटा-मातीचे, वर टिनं.

९ एप्रिल २०२३ ची पारसची घटना तुम्हां सर्वांना आठवते. अकोला जिल्ह्यातले, बाळापूर तालुक्यातले पारस. बाबूजी महाराजांच्या मंदिरात लोक आरतीला जमलेले, वादळी पाऊस सुरू झाला म्हणून टिनाच्या शेडखाली उभे राहिले. शेजारचे मोठे लिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले आणि ७ माणसे गेली. त्या रात्री आमच्या आईने आमच्या अंगणातल्या लिंबाकडे पाहिले आणि म्हणाली, "हे झाड आपल्या घरावर पडलं तं?" झाड तोडायचे कोणाच्या मनात नव्हते, आईच्या तर मुळीच नाही. मग आम्ही घराचा विमा काढला. गावात हसले लोक. "पिकाचा इमा भेटून ऱ्हायला का, तं हे घराचा काढून ऱ्हायले!"

हसणाऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. विमा म्हटला की आपल्याला पीकविमा आठवतो आणि तोंड कडू होते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सोय बंद झाली. त्यात आपण ७२ तासांत तक्रार करायला शिकलो आणि तक्रार करूनही खात्यात काही न येण्याची सवयही लावून घेतली. पण पीकविमा आणि घराचा विमा यांत एक मूळचा फरक आहे. पिकाचे उत्पादन मोजतात ते महसूल मंडळावर. तुमची कपाशी साफ बुडाली आणि मंडळातल्या कापणी प्रयोगात उतारा बरा निघाला, तर तुम्ही कागदावर बुडालेलेच नसता. घराचा विमा घरावर असतो. तुमचे छप्पर उडाले की तुमचा दावा उभा राहतो, शेजाऱ्याचे शाबूत आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

तर २०२४ च्या जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, संध्याकाळी वादळ आले. लिंब उभाच राहिला, टिनं मात्र गेली. १६ पैकी ११. काही शेजारच्या वावरात, एक तर नाल्याच्या पलीकडे. आईने आणि सुनांनी ताडपत्री टाकून सरकीची पाकिटे वाचवली. खताची ६ पोती भिजली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आभाळ भरून आलेले. आम्ही काय केले? जे तुम्ही कराल तेच. तालुक्याला गेलो, ओळखीच्या दुकानातून उधारीवर टिनं आणली, मिस्त्री धरला आणि दोन दिवसांत घर झाकले. वाकलेली टिनं अंगणात अडचण करत होती, ती भंगारवाल्याला दिली. टिन, लोखंडी अँगल, हूक आणि मजुरी मिळून २६ हजार लागले. आणि विमा कंपनीला फोन केव्हा केला? पेरणी आटोपल्यावर. नवव्या दिवशी.

कंपनीचा माणूस आला. बिचारा भला होता. म्हणाला, "नुकसान दाखवा." आमच्या डोक्यावर कोरी टिनं चमकत होती. त्याला काय दाखवणार? जुनी टिनं विकलेली, भंगारवाल्याची पावती नाही, पंचनाम्याची नक्कल घेतलेली नाही. पुतण्याच्या मोबाईलमध्ये शेजारच्या वावरात पडलेल्या टिनांचे दोन फोटो निघाले, त्यांत ७ टिनं मोजता येत होती. कंपनीने त्या ७ टिनांचे आणि त्या प्रमाणात मजुरीचे पैसे दिले. उरलेल्या ४ टिनांचा आमच्याकडे पुरावा नव्हता. कंपनीला शिव्या देणे सोपे होते आणि आम्ही दोन दिवस त्या दिल्याही. नंतर पॉलिसीचा कागद काढून वाचला. सगळे त्यात लिहिलेले होते. आम्ही तो घेतल्या दिवसापासून पेटीत ठेवला होता, लग्नपत्रिकांच्या खाली.

ज्यांचा विमा नव्हता त्यांचे काय झाले तेही पाहा. तलाठी आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नाव लांबले, सज्जा तेवढाच आहे) येऊन पंचनामे करून गेले. आपत्ती निधीतून मदत द्यायचे केंद्राचे दर ठरलेले आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या दरांत घर पूर्ण पडले तर सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलेले पक्के घर असेल तर ६,५०० आणि कच्चे असेल तर ४,०००. तेही नुकसान निदान १५ टक्के असेल तरच. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. आता टिनं उडालेले घर कशात बसते? भिंती उभ्या आहेत म्हणजे पूर्ण पडलेले नाही. म्हणजे अंशतः. म्हणजे ४,००० किंवा ६,५००. आमचा २६ हजारांचा हिशेब त्याच्या शेजारी मांडा. आमच्या गल्लीत एका घराची तीनच टिनं गेली, त्याचे नुकसान १५ टक्के भरत नाही म्हणून नावच यादीत आले नाही. ज्यांचे आले त्यांना पैसे मिळाले तेव्हा कपाशीचा पहिला वेचा सुरू झाला होता.

ही मदत घ्यायची नाही असे आम्ही म्हणत नाही. जरूर घ्यायची, आपल्याच करातून ती येते. पण ती किती, केव्हा आणि कोणाला हे देणारा ठरवतो. विम्यात रक्कम आपण ठरवतो आणि हप्ता भरून ती विकत घेतो. उद्या कंपनीच्या टेबलासमोर उभे राहाल तेव्हा हात जोडून उभे राहू नका. बाजार समितीत काटापट्टी घेऊन पैसे मागता तसे मागा.

पूर्वी सरकारला हे सुचले नव्हते असे नाही. १९८८ साली केंद्राने गरिबांसाठी झोपडी विमा काढला होता. झोपडीला १,००० रुपये, सामानाला ५००, आणि तेही आग लागली तर. वाऱ्याचे नाव नाही. आमच्याकडे तुराट्या-पऱ्हाट्यांचे कूड जळतात हे खरे, पण जळतात त्याहून जास्त उडतात.

आता आज काय मिळते ते सांगतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकसारख्या अटींची एक पॉलिसी विकणे बंधनकारक केले आहे. नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी सरकारी असो की खासगी, मूळ अटी त्याच. हप्ता मात्र ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर हे सगळे त्यात येते. आणि बाहेरची वस्तू घरावर आदळून होणारे नुकसान येते. त्यात पडणारे झाड असे शब्दात लिहिलेले आहे. गारपिटीबद्दल एक सांगून ठेवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना टिनांची चाळण कशी होते ते माहीत आहे. गार एकटी येत नाही, वादळासोबत येते. म्हणून पंचनाम्यात आणि दाव्याच्या अर्जात 'वादळ व गारपीट' असे दोन्ही शब्द लिहून घ्या.

रक्कम कशी ठरते? गावातल्या घराला बाजारभाव नाही म्हणून विमा होत नाही असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. जागेची किंमत यात धरतच नाहीत. तेच घर आज पुन्हा बांधायला काय लागेल तो खर्च धरतात. समजा, आतून मोजलेले ४०० चौरस फूट घर आहे आणि बांधायला फुटाला हजार रुपये लागतात. तर विमा ४ लाखांचा. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ८० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते. पॉलिसीच्या काळात घराची विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांच्या हिशेबाने वाढत जाते, त्याचा वेगळा हप्ता नाही.

पूर्वीच्या पॉलिसीत एक काटा होता. ४ लाखांच्या घराचा विमा हप्ता वाचवायला २ लाखांचाच काढला आणि ४० हजारांची टिनं गेली, तर कंपनी म्हणे, तुम्ही अर्धाच विमा काढला, अर्धेच घ्या, २० हजार. या पॉलिसीत ती कापाकापी काढून टाकली आहे. टिन वीस वर्षांचे होते म्हणून घसारा लावायचा, हेही यात नाही. होते तसे छप्पर नव्याने करायला जो खर्च येतो तो धरायचा. पण होते तसे, हे लक्षात ठेवा. टिनं उडाली म्हणून तुम्ही स्लॅब टाकलात तर कंपनी टिनाचेच पैसे देईल, वरचा खर्च तुमचा.

काय मिळत नाही हे सांगितले नाही तर आमच्यात आणि एजंटात फरक उरणार नाही. गंजून भोक पडलेले टिन गळते, त्याचे पैसे मिळत नाहीत. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, त्याने भिंतीला हळूहळू चिरा पडतात. त्यावर दावा लावू नका, वेळ जाईल. विकायला ठेवलेला कापूस आणि खताची पोती म्हणजे घरसामान नव्हे. आमच्या ६ पोत्यांचे पैसे त्यामुळेच मिळाले नाहीत. त्यासाठी वेगळा विमा निघतो का, हे कंपनीला लेखी विचारा. शेतातला गोठा, खळ्यावरची झोपडी आपोआप 'घरा'त येत नाही. घर महिनाभराहून जास्त कुलूपबंद राहणार असेल, लेकीकडे किंवा कामाला पुण्याकडे सगळे जाणार असाल, तर कंपनीला आधी कळवा.

आणि गवत, बांबू, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असले तर ते बांधकाम कच्चे धरतात. त्या व्याख्येत टिनाचे नाव नाही, कवेलूचे नाही. एखादा एजंट "टिनाचं घर आहे, नाही होत" म्हणाला तर त्याला ती व्याख्या दाखवायला सांगा. तुराट्यांचा कूड मात्र त्यात अडकतो. ज्याच्या घराला सर्वांत जास्त धोका त्यालाच दार बंद, अशी ही गंमत आहे. शेतमजूर भावांच्या घरांचा हा प्रश्न विम्याने सुटणार नाही, हे आम्ही इथे साफ सांगतो. त्यांच्यासाठी मदतीचे दर वाढवून घेणे हेच भांडण आहे, आणि ते वेगळे भांडावे लागेल.

आता सर्वांत अवघड गोष्ट. घर कोणाच्या नावावर आहे? इथे बसलेल्यांपैकी हात वर करा म्हटले तर निम्म्यांचे घर अजून वडिलांच्या नावावर निघेल, आणि वडील जाऊन दहा वर्षे झालेली. शेतीचा फेरफार आपण धावतपळत करतो, कारण त्याशिवाय पीककर्ज मिळत नाही. घराचा करत नाही, कारण घरपट्टी कोणाच्याही नावाने भरली तरी ग्रामपंचायत घेते. विमा कंपनी मात्र विचारते, या घरात तुमचा हक्क काय? म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ आधी पाहा. तलाठ्याकडचा ८-अ नव्हे, तो शेतीचा. हा घरपट्टीच्या आकारणीचा. त्यात नाव, लांबी-रुंदी आणि छपराचा प्रकार बरोबर आहे का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी कवेलूच्या घराची टिनं होऊन पंधरा वर्षे झाली तरी कागदावर कवेलूच आहेत. वारसांची नोंद करून घ्या. भावाभावांत वाटणी झाली असेल तर कोणाच्या कोणत्या खोल्या हेही लिहून घ्या. वादळ आल्यावर ती भांडणे काढायला सवड मिळत नाही. मायबहिणींनो, तुमचे नाव नमुना ८ वर लागते का, हेही याच वेळी विचारा.

नाव लागले की एक दिवस घराचे फोटो काढा. चारी बाजूंनी, आतून छताचे, टिनं मोजता येतील असे. टिनांवरचे दगड काढून टाका आणि हूक आवळून घ्या. वाऱ्याने टिन उचलले की तो दगड आतल्या लेकराच्या डोक्यात येतो.

आणि वादळ आलेच, तर आमच्यासारखे करू नका. माणसे आणि जनावरे सुखरूप झाली की पहिले काम फोटो, दुसरे काम कंपनीला फोन. तक्रारीचा क्रमांक भिंतीवर कोळशाने का होईना लिहून ठेवा. ताडपत्री टाकून घर झाका, पुढचे नुकसान थांबवणे हे तुमचे कामच आहे. ताडपत्रीची पावती ठेवा. पण पक्के छप्पर कंपनीने पाहिल्याशिवाय किंवा फोटोवर काम सुरू करायला लेखी संमती दिल्याशिवाय चढवू नका. जुने टिन, वाकलेला अँगल, तुटलेला वासा, काही विकू नका. रीतसर दावा नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. पाऊस थांबत नाही, सर्व्हेअरची वाट किती पाहायची, हे तुम्ही विचाराल. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर लागणार असेल तर तो सूचना मिळाल्यापासून २४ तासांत नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि त्यानंतर ७ दिवसांत निकाल द्यायचा. लहान दाव्यात कंपनी फोटोवरही निर्णय करू शकते, तशी मागणी करा. कागद अपुरे आहेत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे.

फेटाळलाच, तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील नाही. ग्राहक आयोग अमरावतीतही आहे, अकोल्यातही आहे. तिथे मुदत दोन वर्षांची. आमच्या ४ टिनांसाठी आम्ही कुठेच गेलो नाही. चूक आमची होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पॉलिसी पुन्हा काढली. नमुना ८ वर आता आईचे आणि आम्हां दोघा भावांचे नाव आहे. आईने पॉलिसीचा कागद पेटीतून काढून देवघराच्या मागे खिळ्याला टांगला आहे, वर कंपनीचा फोन नंबर ठळक लिहून.

चहानंतर आम्ही मागच्या ओट्यावर बसणार आहोत. कोऱ्या प्रस्तावाचे फॉर्म आणले आहेत आणि वारस नोंदीच्या अर्जाचा नमुनाही. ज्यांनी घरपट्टीची पावती सोबत आणली असेल त्यांनी आधी यावे, म्हणजे छपराच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आजच पाहता येईल.